अल्बम सलग की सुटा? आधी गाण्यांची लांबी बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ट्रान्स या डान्स संगीताच्या प्रकारातल्या एका आवडत्या निर्मात्याचा नवा अल्बम जाहीर झालाय. हाती फक्त नाव, तारीख, ‘दोन डिस्क’ आणि ‘विनाइलवरही (म्हणजे एलपीच्या तबकडीवरही) येणार’ एवढीच माहिती आहे. चाहत्यांत दोन तट पडलेत: एकांना सगळा अल्बम डीजेच्या सेटसारखा सलग हवाय, दुसऱ्यांना प्रत्येक गाणं सुटं आणि पूर्ण लांबीचं. ट्रॅकलिस्ट येण्याआधी काही अंदाज बांधता येतो का, आणि यातलं योग्य कोणतं?

मी डान्स संगीताचं मास्टरिंग करतो. निर्मात्याने पुरी केलेली गाणी क्रमाने लावणं, दोन गाण्यांमधली जागा ठरवणं, सीडी, विनाइल आणि स्ट्रीमिंगसाठी वेगवेगळे मास्टर काढणं हे माझं रोजचं काम. हा वाद मी प्रत्येक मोठ्या अल्बमच्या आधी वाचतो आणि त्यात एक गोष्ट कायम सुटलेली दिसते. सलग की सुटं हा नंतरचा प्रश्न आहे. गाण्याची कुठली आवृत्ती अल्बममध्ये घेतली आहे, हा आधीचा. त्याचं उत्तर मिळालं की पुढचा निम्मा वाद मिटतो.

क्लबसाठी केलेल्या ट्रॅकची रचना डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला 32 बार (एक बार म्हणजे चार ठोके) नुसता किक, म्हणजे ढोलाचा जाड ठोका, आणि हायहॅट, म्हणजे झांजेची टिकटिक, मग बेस, मग सूर, मधे ब्रेकडाउन (ठोका थांबून सूर उरतो तो भाग), ड्रॉप (ठोका पुन्हा जोरात येतो ती जागा), आणि शेवटी पुन्हा 32 बार सगळं एकेक करत उतरवत नेलेलं. 128 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 128 ठोक्यांच्या वेगाला, 32 बार म्हणजे 128 ठोके, म्हणजे बरोबर एक मिनिट. ट्रान्सच्या 138 बीपीएमला तेच साधारण 56 सेकंद. हे पहिलं आणि शेवटचं मिनिट घरी ऐकणाऱ्यासाठी केलेलं नसतंच. ते डीजेला जोडायला लागतं: जाणाऱ्या ट्रॅकचं शेवटचं मिनिट आणि येणाऱ्याचं पहिलं मिनिट एकमेकांवर बसतात. ही एक्स्टेंडेड आवृत्ती, सहा-सात मिनिटांची. तिची दोन्ही टोकं कापून ब्रेकडाउन आखूड केला की तीन-साडेतीन मिनिटांचं रेडिओ एडिट होतं. अल्बमसाठीची आवृत्ती या दोघांच्या मधे कुठेतरी असते.

आता हिशोब करा. बारा एक्स्टेंडेड ट्रॅक न जोडता एकामागून एक लावले तर अल्बममध्ये वीस-बावीस मिनिटं नुसता ठोका ऐकावा लागतो. तेच ट्रॅक एकमेकांवर चढवले की तो भाग जोडकामात वापरला जातो आणि संगीत अखंड वाहतं. म्हणून एक्स्टेंडेड आवृत्त्यांना सलग मांडणी मुळातच मानवते. उलट रेडिओ एडिट घेतली असतील तर जोडायला जागाच उरलेली नसते. त्यांचा ‘सलग’ अल्बम म्हणजे दोन गाण्यांच्या टोकांवर दोन-चार सेकंदांचं क्रॉसफेड, म्हणजे एकाचा आवाज उतरवत दुसऱ्याचा चढवणं. तो मिक्स नव्हे. चाहते ज्या सलग अल्बमवर सर्वांत जास्त चिडतात तो बहुतेक वेळा हाच प्रकार असतो, आणि त्यांचा राग रास्त असतो.

गोंधळाचं दुसरं कारण म्हणजे एकच माणूस दोन अगदी वेगळ्या जातीचे अल्बम काढतो. सलग मिक्स अल्बमची परंपरा संकलनातून आली. साशा आणि जॉन डिगवीड यांचा रेनेसान्स क्लबसाठी केलेला तीन सीडींचा मिक्स 1994 मधला. ‘डीजे-किक्स’ मालिका 1995 ला सुरू झाली, ‘ग्लोबल अंडरग्राउंड’ 1996 ला, लंडनच्या फॅब्रिक क्लबची मालिका 2001 ला. या सगळ्यांत गाणी बहुतेक इतरांची असतात. निवड आणि जोड हीच डीजेची कलाकृती. तिथे सुटी गाणी मागण्यात अर्थ नाही. कलाकाराच्या स्वतःच्या अल्बममध्ये मात्र कलाकृती म्हणजे गाणं. ट्रान्स डीजे टिएस्टोने ‘इन सर्च ऑफ सनराइज’ची संकलनंही केली आणि 2007 मध्ये ‘एलिमेंट्स ऑफ लाइफ’सारखा स्वतःच्या गाण्यांचा अल्बमही दिला. आर्मिन व्हॅन ब्यूरेनचे ‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’चे वार्षिक मिक्स वेगळे आणि 2008 चा ‘इमॅजिन’ वेगळा. दोन्हींच्या मुखपृष्ठावर नाव एकच, त्यामुळे एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली जाते. जाहिरातीत ‘निवड आणि मिक्स’ अशा अर्थाचे शब्द आहेत का, हे सगळ्यात आधी बघा. असतील तर वाद तिथेच संपला.

‘स्विडिश हाउस माफिया’ या डीजे-त्रिकुटाचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. 2010 चा ‘अंटिल वन’ आणि 2012 चा ‘अंटिल नाउ’ हे दोन्ही मिक्स संकलनं होते. त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम ‘पॅराडाइज अगेन’ थेट 2022 मध्ये आला. मधली वर्षं चाहते ‘अल्बम कधी’ असं विचारत होते आणि त्यांच्या हातात नावाने अल्बमच असलेल्या दोन गोष्टी होत्या.

या दोन जातींच्या मधे एक तिसरी आहे, आणि मला तीच सर्वांत प्रिय आहे: स्वतःचंच संगीत, पण मुळातच सलग ऐकण्यासाठी रचलेलं. डीजे आणि निर्माता रिकार्डो व्हिलालोबोसने 2007 मध्ये फॅब्रिक मालिकेचा 36 वा भाग करताना सगळं स्वतःचंच संगीत वापरलं. मॅडोनाचा 2005 चा ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’ पॉप अल्बम असूनही सुरुवातीपासून शेवटपर्यंत डीजेच्या सेटसारखा न थांबता चालतो. असे अल्बम ऐकताना जोड कानाला वेगळा जाणवत नाही, कारण तो नंतर मारलेला नसतो; रचनेतच असतो.

हा फरक ओळखायला शिका, कारण सगळा न्याय त्यावर ठरतो. मी पहिल्यांदा बेस ऐकतो. नीट केलेल्या जोडात जुना बेस ज्या ठोक्यावर जातो त्याच ठोक्यावर नवा येतो, आणि तो ठोका आठ, सोळा किंवा बत्तीस बारांच्या वाक्याची सम असतो. दोन बेसलाइन एकत्र वाजल्या, तर त्या एकाच सुरावर असल्या पाहिजेत, नाहीतर खालचा सगळा भाग गढूळ होतो. मग पट्टी बघतो. ए मायनरमधून ई मायनर किंवा डी मायनरकडे जाणं कानाला सहज वाटतं, कारण बहुतेक स्वर दोन्हींत सामाईक असतात. ए मायनरवर थेट बी फ्लॅट मायनर चढवला तर ताल कितीही जुळलेला असो, पंधरा सेकंद अंगावर काटा येतो. तिसरी गोष्ट ब्रेकडाउनच्या जागा. येणाऱ्या ट्रॅकचा सूर जाणाऱ्याच्या ब्रेकडाउनमध्ये आधीच डोकावून गेला असेल तर समजा की निर्मात्याने दोन्ही ट्रॅक एकाच प्रकल्पात उघडून काम केलंय. चौथी गोष्ट वेग. 130 वर सुरू करून शेवटी 138 वर पोहोचायचं असेल तर तो चढ दहा-बारा ट्रॅकवर पसरावा लागतो. पुऱ्या झालेल्या, वेगवेगळ्या वेगांच्या गाण्यांना नंतर ताणून हे साधलं तर गायकाचा आवाज लगेच चुगली करतो.

याउलट चिकटवलेल्या मिक्समध्ये नुकसान गाण्याचं होतं. माझ्यापुढे अशी कामं येतात तेव्हा मी निर्मात्याला एकच गोष्ट दाखवतो: या गाण्याची सुरुवात आता कुणालाच ऐकू येणार नाही. पहिला पॅड, म्हणजे लांबवलेला मऊ सूर, हळूहळू उमलतो, त्यावर पियानोचे चार स्वर पडतात, आणि ते सगळं आधीच्या गाण्याच्या हायहॅटखाली गाडलं जातं. ज्याने त्या चार स्वरांवर आठवडे घालवले त्याला ते ऐकवत नाही. पुष्कळदा त्याच बैठकीत ठरतं की सुटी गाणी ठेवायची आणि मिक्स जोडीला वेगळा द्यायचा.

दोन डिस्कचे मला तीन अर्थ दिसतात. पहिला, दोन स्वतंत्र मिक्स. ‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’च्या वार्षिक संकलनांत एक डिस्क समुद्रकिनाऱ्यासाठी आणि एक क्लबसाठी अशी विभागणी अनेक वर्षं चालत आली. दुसरा अर्थ, एका डिस्कवर गाणी आणि दुसरीवर रीमिक्स, एक्स्टेंडेड आवृत्त्या किंवा मिक्स. निर्माता एरिक प्रिड्झच्या 2012 च्या ‘प्रिडा’मध्ये तीन डिस्क होत्या: पहिलीवर नवं, सुटं संगीत आणि उरलेल्या दोन्हींवर जुन्या कामाचे सलग मिक्स. दोन्ही तटांना समाधान देणारी इतकी नीट मांडणी मी क्वचित पाहिली आहे. तिसरा अर्थ सगळ्यात साधा: संगीत एका सीडीत मावत नाही. सीडीची मूळ मर्यादा 74 मिनिटं, नंतरच्या सीडींत 80. त्याच प्रिड्झचा 2016 चा ‘ओपस’ 19 ट्रॅकचा आणि दोन डिस्कचा आहे. त्यातले ट्रॅक लांब आहेत आणि त्यांना ती लांबी लागतेच.

विनाइलची घोषणा हा तुमच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा आहे. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या एलपीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं बसतात. बेस जितका जोरकस तितकी खाच रुंद, आणि खाच रुंद झाली की मिनिटं कमी. क्लबमध्ये वाजवण्याइतका दमदार आवाज हवा असेल तर 45 फेऱ्यांवर एका बाजूला दहा-बारा मिनिटांवर थांबावं लागतं. शिवाय सुई आतल्या खाचांकडे जाते तसे वरचे सूर खरखरीत होत जातात, म्हणून शांत गाणी बाजूच्या शेवटी ठेवतात. अशा माध्यमावर दीड तासाचा सलग मिक्स म्हणजे दर वीस मिनिटांनी जबरदस्तीचा विराम. म्हणून विनाइलवर बहुतेक वेळा सुटी गाणी असतात. विनाइल जाहीर झालंय याचा अर्थ सुट्या गाण्यांचे मास्टर तयार आहेत किंवा होणार आहेत. ते असतील तर डिजिटलवरही येण्याची शक्यता मोठी.

स्ट्रीमिंगने या वादात पैशाचा भाग आणला, आणि चाहत्यांनी तो समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो. तासाभराचा मिक्स एकच फाइल म्हणून ठेवला आणि कुणी तो पूर्ण ऐकला तरी एक प्ले. त्याचेच पंधरा तुकडे केले तर पंधरा. म्हणून लेबलं सलग मिक्ससुद्धा तुकड्यांत ठेवतात आणि प्रत्येक तुकड्याच्या नावापुढे ‘मिक्स्ड’ किंवा ‘मिक्स कट’ असं लिहितात. मिक्समधला तुकडा आणि सुटं गाणं ही दोन वेगळी रेकॉर्डिंग धरली जातात, त्यांचे आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंग ओळखण्याचे, कोडही वेगळे असतात. त्यामुळे एकाच गाण्याचे प्ले दोघांत विभागले जातात. एखाद्या छोट्या लेबलने ‘आम्ही फक्त एकच रूप देऊ’ म्हटलं तर त्यामागे हट्ट असेलच असं नाही. हा हिशोबही असतो.

आणि तुकडे केलेला मिक्स ऐकणाऱ्यालाही त्रास देतो. त्यातलं एक गाणं उचलून प्लेलिस्टमध्ये टाकलं की ते आधीच्या गाण्याच्या शेपटीने सुरू होतं आणि पुढचं गाणं चढायला लागताच तुटतं. सुटी गाणी मागणाऱ्यांचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

नियम संगीताची लांबी ठरवतात हे काही स्ट्रीमिंगपासून सुरू झालेलं नाही. 1992 मध्ये ब्रिटिश चार्टच्या नियमाने सिंगल 40 मिनिटांच्या आत असणं भाग होतं. ‘द ऑर्ब’ या बँडने ‘ब्लू रूम’ 40 मिनिटांना जेमतेम काही सेकंद कमी एवढं केलं आणि ते पहिल्या दहांत पोहोचलं.

आता चाहत्यांच्या अपेक्षेबद्दल. डान्स संगीतात गाणं प्रसिद्ध होण्याआधी कित्येक महिने सेटमध्ये वाजत असतं. नाव कळलेलं नसतं, ट्रॅकलिस्टमध्ये नुसतं ‘आयडी’ लिहिलेलं असतं, आणि लोक रेडिओवरच्या किंवा मैदानातल्या रेकॉर्डिंगवरून ते पाठ करून टाकतात. हे वाट बघणं या संगीताच्या प्रेमाचा खरा भाग आहे, मला ते फार मोलाचं वाटतं. पण सेटमध्ये जे वाजलं ती एक्स्टेंडेड आवृत्ती होती, आणि बऱ्याचदा तिच्यावर दुसऱ्याच गाण्याचा आवाज चढवलेला होता. अल्बममध्ये तेच साडेचार मिनिटांचं आणि वेगळ्या मांडणीचं निघालं की ‘कापून टाकलं’ अशी ओरड होते. कापलेलं नसतं, दुसऱ्या जागेसाठी केलेलं असतं. सेटमध्ये ऐकलेला आयडी अल्बमवर दोनेक मिनिटांनी आखूड असणार असं आधीच धरून चाला, आणि एक्स्टेंडेड आवृत्तीची वेगळी वाट बघा. ‘बीटपोर्ट’ हे संकेतस्थळ 2004 पासून डीजेंना अशा आवृत्त्या विकत आलं आहे. कधी त्या अल्बमच्याच दिवशी येतात, कधी काही आठवड्यांनी.

काही कलाकारांनी हा तंटा आपल्या कामातूनच सोडवला. अविचीच्या 2013 च्या ‘ट्रू’मध्ये गिटार आणि लोकसंगीताच्या वळणाची गाणी होती. 2014 मध्ये त्याने तीच गाणी स्वतः नव्याने बांधून ‘ट्रू: अविची बाय अविची’ काढला. डाफ्ट पंकचं उदाहरण त्याहून मोठं. ‘होमवर्क’, ‘डिस्कव्हरी’ आणि ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ हे सुट्या गाण्यांचे अल्बम आहेत. ‘अलाइव्ह 2007’मध्ये त्याच गाण्यांचे तुकडे एकमेकांत गुंफून पॅरिसच्या मंचावर वाजवले आहेत. एका गाण्याचा आवाज दुसऱ्याच्या तालावर येतो आणि दोन्ही गाणी पुन्हा नवी वाटतात. पण ते सुख मिळतं ते मूळ गाणी सुटी, पूर्ण ऐकून पाठ झालेली असल्यामुळे. म्हणून दोन्ही द्यायचं नसेल आणि एकच निवडायचं असेल, तर कलाकाराच्या अल्बममध्ये माझं मत सुट्या गाण्यांना आहे. सुट्या गाण्यांतून मिक्स पुढे कधीही करता येतो. मिक्समधून गाणं पुन्हा वेगळं काढता येत नाही. अपवाद फक्त मुळातच सलग रचलेल्या कामाचा.

सुटं म्हणजे दोन गाण्यांमधे शांतता असायलाच हवी, असंही नाही, आणि हा मधला मार्ग वादात फारसा कुणी मांडत नाही. एका गाण्याचा शेवटचा पॅड दुसऱ्याच्या पहिल्या स्वरात विरघळू शकतो, ठोके एकमेकांवर न चढवता. प्रत्येक गाणं पूर्ण राहतं आणि अल्बमही तुटत नाही. माझ्या कामातला सर्वांत आवडता भाग हाच. शेवटची घुमार किती सेकंद चालू द्यायची आणि पुढचा किक नेमका कधी पडू द्यायचा, यावर आम्ही तासन्‌तास बसतो.

हे सगळं नीट केलेलं असूनही तुमच्या यंत्रावर बिघडू शकतं. सीडीवर ट्रॅकची खूण सेकंदाच्या 75 व्या भागावर, म्हणजे दर 588 सॅम्पलवरच बसते (सॅम्पल म्हणजे ध्वनीचं एकेक माप). सलग ध्वनीचे तुकडे त्या हद्दीवर केले नाहीत तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि जोडावर ‘टक्’ ऐकू येतं. एमपी3 ची अडचण वेगळी. त्यात ध्वनी 1152 सॅम्पलच्या चौकटींत बांधला जातो, एक चौकट सुमारे 26 मिलिसेकंदांची, आणि एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडतो. 128 बीपीएमला ठोक्याचा चौथा भाग 117 मिलिसेकंदांचा असतो. तिथे पन्नासेक मिलिसेकंदांची फट पडली की पाय अडखळतो. ही जादा शांतता किती आहे याची नोंद फाइलमध्ये असेल तर चांगले प्लेअर ती वगळतात. आयट्यून्समध्ये ही सोय 2006 ला आली. ध्वनी न गाळणाऱ्या फ्लॅक फाइलमध्ये हा प्रश्नच नसतो. ‘लेबलने मिक्स खराब केला’ असं म्हणण्याआधी ॲपमधलं क्रॉसफेड बंद करा आणि गॅपलेस (गाण्यांमधे फट न ठेवणारी सोय) सुरू करा. जोडलेल्या ट्रॅकवर ॲपने आणखी एक जोड मारला तर ताल विस्कटणारच.

तुमच्या अल्बमबद्दल माझा अंदाज: ‘मिक्स’ असा शब्द जाहिरातीत नाही, विनाइल येतंय, म्हणजे पहिल्या डिस्कवर सुटी गाणी आणि दुसरीवर एक्स्टेंडेड आवृत्त्या किंवा एक सलग मिक्स. प्री-ऑर्डरची घाई करू नका. लेबलला आत्ताच एक साधा प्रश्न लिहून विचारा: एक्स्टेंडेड आवृत्त्या त्याच दिवशी मिळणार का? असे प्रश्न पुरेशा लोकांकडून आले की त्याचा परिणाम होतो, मी बैठकींत पाहिलंय.

ट्रॅकलिस्ट लांबीसकट आली की एकेका डिस्कची बेरीज करा. प्रत्येकी 75 ते 79 मिनिटं आणि तेरा-पंधरा ट्रॅक असतील तर मिक्सची शक्यता जास्त. मग पहिला आणि शेवटचा ट्रॅक मधल्यांशी ताडून बघा. सलग मिक्समध्ये पहिल्याची सुरुवात आणि शेवटच्याचा उतार शाबूत राहतो, मधल्यांची दोन्ही टोकं मात्र जोडात जातात. मधले साडेचार मिनिटांचे आणि हे दोन त्यांच्याहून ठळकपणे लांब दिसले, तर ती डिस्क जवळजवळ नक्की सलग आहे.